एका सुईत आठवडा, पण चाचणी कुणाकुणावर?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



ऐन डवरणीत बैल लंगडला की पऱ्हाटी आणि ज्वारी तणात जाते. रोज सुई टोचायला गुरांचा डॉक्टर गावात येत नाही. म्हणून एकदा टोचले की चार-आठ दिवस सूज आणि दुखणे आवरेल असे औषध आपल्याला हवेच आहे. अशा औषधांवर काम चालते. औषध तेलात किंवा हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थात घालतात. ते टोचल्या जागेवरून सावकाश रक्तात उतरते. मग जनावराचे रक्त ठरावीक वेळाने तपासतात, गाठ येते का, पोटात व्रण पडतो का, हे पाहतात.

एवढ्याने भागते काय? डायक्लोफिनॅक गुरांना मानवले होते. पण ते टोचलेले ढोर लवकरच मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हे २००४ साली पाकिस्तानातील अभ्यासातून सिद्ध झाले. तोवर आपली पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक संपण्याच्या वाटेला लागली होती. ढोरे गावाबाहेर सडू लागली. गुरांवर झालेल्या चाचणीत गिधाडाचा विचारच नव्हता.

२००६ साली सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. त्याच साली गिधाडांवरच्या चाचण्यांतून मेलॉक्सिकॅम सुरक्षित ठरले. माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ साली ती बाटली तीन मिलिलिटरची केली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवर बंदी आली. अ‍ॅसिक्लोफिनॅक गुरांच्या अंगात डायक्लोफिनॅकच होते.

आता विचार करा. जे औषध अंगात जास्त दिवस टिकते, ते मेलेल्या ढोरातही जास्त दिवस सापडणार. म्हणून लांब असराच्या प्रत्येक सुईची तपासणी गिधाडांच्या दृष्टीनेही आधी व्हावी, आणि तिचा खर्च कंपनीने व सरकारने उचलावा, ही आपली मागणी आहे. बंदी आणून मोकळे व्हायचे आणि दोष शेतकऱ्याच्या माथी मारायचा, हे चालणार नाही. सुरक्षित औषध तालुक्याच्या दवाखान्यात मिळालेच पाहिजे.

आपल्याकडूनही तीन गोष्टी व्हाव्यात. बाटलीवरचे नाव वाचा. मेलॉक्सिकॅम मागा. इतर सुई टोचलेले ढोर मेले तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा.