वडीलधाऱ्यांसाठी एक खोली : खर्चाचा हिशेब

(सोलापूर येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



घर बांधताना आपण देवघर काढतो, मुलांच्या अभ्यासाची सोय पाहतो, वाहनासाठी शेडही उभारतो. म्हाताऱ्या आईवडिलांनी कोठे राहावे, हा विचार मात्र त्यांची खाट पडवीत गेल्यावर सुरू होतो. मग पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. आज त्या खर्चाचाच हिशेब मांडावा, असे मी योजिले आहे.

हा प्रश्न सोलापूरला परका नाही. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे २००६ साली विडी कामगार भगिनींच्या हाती आली. त्याच परिसरात रे नगर उभे राहिले व १९ जानेवारी २०२४ रोजी तेथील पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. २००६ साली चाळिशीत असलेली विडी कामगार आज साठीला पोहोचली आहे. जिने विड्या वळून घर मिळविले, तिला त्याच घरात सुना-नातवंडांच्या गर्दीत कोपरा शोधावा लागू नये, एवढीच आपली अपेक्षा आहे.

आता हिशेब. आतून दहा फूट बाय बारा फूट मापाची खोली घेऊ. मूळ घराची बारा फुटी भिंत सामायिक धरली, तर नऊ इंची भिंतींना सुमारे तीन हजार विटा लागतात. चारही भिंती स्वतंत्र उभारल्यास हा आकडा साडेचार हजारांच्या घरात जातो. पाच इंची स्लॅबला सुमारे पंधरा पोती सिमेंट व दीडशे किलो सळई लागते. पाया, जोते, गिलावा व फरशी यांचे साहित्य निराळे. मात्र जुनी भिंत मातीची असेल, तर विटा वाचविण्यासाठी तिच्यावर स्लॅबचा भार टाकू नये. अशी काटकसर जिवावर बेतते.

संडास-न्हाणीघरासह हे बांधकाम भिंती धरून दोनशे चौरस फूट होते. दर गावोगाव वेगळा असतो. केवळ हिशेबासाठी चौरस फुटाला १,८०० रुपये धरले, तर खर्च ३,६०,००० रुपये येतो. त्यातील तीन लाख रुपये नऊ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३,८०० रुपये पडतो आणि व्याजापोटीच दीड लाखाहून अधिक रक्कम जाते. तेव्हा खोलीची किंमत ठरविताना व्याज विसरता कामा नये. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुने अंदाजपत्रक असेल तर ते पुन्हा तपासून घ्यावे.

काटकसर कोठे करावी, हा खरा प्रश्न होय. रंग, नक्षीची जाळी, महाग फरशी यांत ती जरूर करावी. शहाबादी फरशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली आहे. परंतु संडास मागाहून बांधू, असे म्हणू नये. तो पुढे जोडताना फरशी फोडावी लागते, नळ व सांडपाण्याची वाट नव्याने काढावी लागते आणि तोवर म्हातारे माणूस रात्री अंधारात अंगण ओलांडत राहते. खोली तळमजल्यावरच असावी. दरवाजा तीन फूट रुंद असावा, उंबरठा नसावा. पायरीऐवजी उतार करावयाचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी द्यावी.

छपराचाही विचार हवा. पत्र्याची खोली स्वस्त पडते. पण सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो, तेव्हा त्या पत्र्याखाली दुपार काढणे वृद्धांना धोक्याचे असते. आपल्या पूर्वजांची माळवदे जाड मातीमुळे थंड राहत. आजच्या स्लॅबवर दर उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना दिला, तरी उष्णता बरीच कमी होते. समोरासमोर दोन खिडक्या ठेवल्या, तर वारा खेळता राहतो.

ज्यांना खोली बांधणे शक्य नाही, त्यांनीही निराश होऊ नये. संडासात भक्कम दांडी, पलंगाजवळ दिव्याचे बटण आणि काढून टाकलेला उंबरठा, एवढ्या अल्प खर्चातही पुष्कळ पडझड टळते.

पंचायत सदस्यांना माझी एक विनंती आहे. बांधकामापूर्वी परवानगीची चौकशी करण्यास लोकांना सांगा आणि घरकुलाचा आराखडा पाहताना ‘येथे म्हातारी कोठे निजणार?’ असा प्रश्न विचारा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याने निर्वाहात अन्न, वस्त्र व औषधोपचार यांच्याबरोबर निवाऱ्याचाही समावेश केला आहे. पण न्यायाधिकरणाच्या दारात जाण्याची वेळ आईवर येऊ नये, यातच घराची शोभा आहे.

हप्ता दहा वर्षांत फिटतो. ती खोली मात्र पुढेही उपयोगी पडते. कारण आज आपण ती ज्यांच्यासाठी बांधतो, त्यांच्या जागी उद्या आपणच असणार आहोत.