बेडकाचा डोंगर: निवडुंगापासून फरच्या जंगलापर्यंत एका तासात

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलता बोलता जे तोंडात आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय.

आज आपण जाणार आहोत अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात. तिथं टूसॉन नावाचं शहर आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मध्येच एक 'सी' आहे, तो म्हणायचा नाही. हे शहर सोनोरन वाळवंटात वसलंय आणि त्याच्या उत्तरेला एक डोंगररांग भिंतीसारखी उभी आहे. तिचं नाव सांता कॅटलिना. पण हे नाव पडायच्या कितीतरी आधीपासून तिथं राहणारे तोहोनो ओओधम लोक तिला 'बाबाड दोआग' म्हणतात, म्हणजे बेडकाचा डोंगर. वाळवंटात बेडूक? हो. आणि ते नाव किती बरोबर आहे ते पुढे कळेलच.

आधी आकडे घेऊ. टूसॉन शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७३० मीटरवर आहे. रांगेचं सगळ्यात उंच शिखर माउंट लेमन, सुमारे २,७९० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्यापेक्षा हजारभर मीटर जास्तच. हे नाव सेरा प्लमर लेमन या वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंच्या नावावरून पडलं. १८८१ मध्ये त्या नवऱ्याबरोबर झाडं गोळा करत या शिखरावर पोचल्या होत्या.

आता शहरातून वर जायला एक घाटरस्ता आहे. पायथ्यापासून वरच्या गावापर्यंत सुमारे ४३ किलोमीटर, गाडीने तासाभराचं अंतर. या तासाभरात काय दिसतं बघा. सुरुवातीला निवडुंग आणि काटेरी झुडपं. मग गवताळ उतार. मग बुटके ओक. मग ओक आणि पाइन एकत्र. मग उंच पॉन्डेरोसा पाइनचं जंगल. आणि शेवटी, उत्तरेकडच्या थंड उतारांवर डग्लस फर आणि व्हाइट फर, म्हणजे कॅनडाकडे शोभतील अशी झाडं. तिथले लोक सांगतात की हा रस्ता म्हणजे मेक्सिकोहून कॅनडाला जाण्यासारखा आहे. खाली उन्हाळ्यात चाळीस अंश, वर हिवाळ्यात बर्फावर स्कीइंग. रांग एकच आहे.

हे का होतं? दोन साधी कारणं. एक, दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. इथं दोन हजार मीटरचा फरक आहे, म्हणजे तेरा अंश. दोन, पाऊस. टूसॉनमध्ये वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस. मुंबईत जुलैच्या एका जोरदार आठवड्यात एवढा पडून जातो. पण डोंगर आला की हवा वर ढकलली जाते, थंड होते, ढग रिकामे होतात. अगदी आपल्या सह्याद्रीत होतं तेच. त्यामुळे माथ्यावर पायथ्याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो.

आणि गंमत म्हणजे तिथेही मान्सून असतो! खरंच. तिकडचं हवामान खातं १५ जून ते ३० सप्टेंबर हा अधिकृत मान्सून हंगाम धरतं. उन्हाने जमीन तापते, वाऱ्यांची दिशा बदलते आणि कॅलिफोर्नियाच्या आखातातून आणि मेक्सिकोच्या आखाताकडून दमट हवा आत येते. दुपारी गडगडाट, धो धो पाऊस, कोरडे ओढे दोन तासांत भरून वाहतात. आणि जमिनीत महिनोन् महिने गाडून घेतलेले बेडूक बाहेर येऊन ओरडायला लागतात. हिवाळ्यात पुन्हा पॅसिफिककडून येणारा हलका, रिमझिम पाऊस. असे वर्षातून दोन पावसाळे मिळतात म्हणून हे वाळवंट जगातल्या सगळ्यात हिरव्या वाळवंटांपैकी एक आहे.

आता एका माणसाची ओळख करून देतो. फॉरेस्ट श्रीव्ह. टूसॉनमध्ये १९०३ साली एका टेकडीवर वाळवंटातल्या वनस्पतींचा अभ्यास करायला प्रयोगशाळा सुरू झाली होती, तिथं हा १९०८ मध्ये आला. त्याने काय केलं, तर डोंगरावर वेगवेगळ्या उंचीवर थर्मामीटर आणि पर्जन्यमापक लावले आणि वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या. तेव्हा घाटरस्ता नव्हता, घोड्यावरून जायचं. १९१५ मध्ये त्याचं पुस्तक आलं, वाळवंटातल्या एका डोंगररांगेची वनस्पती आणि हवामान यांचं नातं सांगणारं. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे फार जवळचं वाटतं. आधी लॉग ठेवा, मग निष्कर्ष काढा.

त्याच्या दोन गोष्टी सांगतो. पहिली सवारोची. सवारो म्हणजे हात वर केलेला तो उंच निवडुंग, जो प्रत्येक काउबॉय सिनेमात दिसतो. हा दीडशे वर्षांहून जास्त जगतो, बारा मीटरपर्यंत वाढतो, आणि पहिला 'हात' फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. हा डोंगरावर साधारण १,२०० मीटरच्या आसपास थांबतो. का? श्रीव्हच्या लक्षात आलं की थंडी किती कडाक्याची आहे यापेक्षा ती किती वेळ टिकते हे महत्त्वाचं. रात्री पारा शून्याखाली गेला आणि सकाळी उन्हाने वर आला, तर सवारो तग धरतो. पण दुसऱ्या दिवशीही बर्फ वितळलं नाही, सलग एक अख्खा दिवस गोठण झाली, की संपलं. म्हणजे त्याची हद्द ठरते ती एखाद्या वाईट दिवसामुळे. सरासरी बघून ती कळणार नाही.

दुसरी गोष्ट उतारांची. एकाच उंचीवर दक्षिणेकडच्या उतारावर ऊन जास्त, म्हणून तिथं वाळवंट वरपर्यंत चढतं. उत्तरेकडच्या उतारावर सावली आणि ओल, म्हणून तिथं जंगल खालपर्यंत उतरतं. शिवाय रात्री थंड, जड हवा पाण्यासारखी दरीतून खाली वाहते. त्यामुळे वरची झाडं दरीच्या तळाशी सापडतात आणि खालची झाडं कड्याच्या धारेवर. नुसती उंची सांगून भागत नाही.

हा डोंगर आला कुठून? आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर. इथलं प्रकरण वेगळं आहे. साधारण अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी या भागातला भूकवच ताणला जात होता. वरचे थर एका निमुळत्या, जवळजवळ आडव्या भेगेवरून बाजूला घसरले. वरचं ओझं हललं तसा खालचा, खोलवर तापून-दबून तयार झालेला खडक फुगून वर आला. म्हणूनच शहरातून दिसणारी रांगेची पुढची बाजू पट्ट्यापट्ट्यांच्या, 'नाइस' नावाच्या खडकाची आहे. शहराच्या पश्चिमेची छोटी टूसॉन रांग आधी याच्या माथ्यावर होती आणि तिथून सरकून गेली, असं भूवैज्ञानिक मानतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या भागात अशा पन्नासहून जास्त रांगा आहेत, प्रत्येकीच्या भोवती वाळवंट. म्हणून त्यांना म्हणतात 'आकाशबेटं'. पाण्याऐवजी भोवती ऊन आणि कोरडी जमीन. माथ्यावरच्या खारीला शेजारच्या डोंगरावर जायचं तर मधलं वाळवंट ओलांडावं लागेल, आणि ते तिला जमत नाही.

मग ती तिथं पोचली कशी? याचं उत्तर दिलंय उंदरांनी! तिथं पॅकरॅट नावाचा उंदीर आहे. दिसेल ते काडी, पान, काटा गोळा करून खडकाच्या कपारीत ढीग लावतो आणि त्यावरच लघवी करतो. ती वाळून काचेसारखी घट्ट होते आणि आतली पानं हजारो वर्षं टिकतात. शास्त्रज्ञांनी हे ढीग फोडून कार्बन पद्धतीने वय काढलं. कळलं असं की शेवटच्या हिमयुगात, आज जिथं वाळवंट आहे तिथं ओक, जुनिपर, छोटे पाइन होते. डोंगर एकमेकांना जंगलाने जोडलेले होते. साधारण अकरा हजार वर्षांपूर्वी हवा तापली, जंगल वर सरकलं, आणि जीव आपापल्या माथ्यावर अडकले. उंदराचा कचरा म्हणजे या डोंगरांचा बॅकअप निघाला.

मंडळी, जंगलाचं हे वर सरकणं पुन्हा सुरू झालंय. १९६३ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर आणि विल्यम नीरिंग यांनी या रांगेवर कोणती वनस्पती कुठल्या उंचीवर आहे याची नोंद केली होती. २०११ मध्ये दुसऱ्या चमूने त्याच घाटरस्त्याने पुन्हा मोजणी केली. जुनं व्हर्जन आणि नवं व्हर्जन शेजारी ठेवून बघितलं. बऱ्याच वनस्पतींची खालची हद्द वर सरकलेली होती. पायथ्याचं झाड वर जाऊ शकतं, त्याला जागा आहे. माथ्यावरच्या झाडाने कुठं जायचं? डोंगर वर निमुळता होतो. वर सरकायचं म्हणजे आधीच कमी जागेत राहायचं, आणि शेवटी जागाच नाही.

त्यात वणवे. पॉन्डेरोसाच्या जंगलात आग नवीन नाही. टूसॉनच्याच विद्यापीठात झाडांच्या वर्तुळांचा अभ्यास करणारी प्रसिद्ध प्रयोगशाळा आहे. वर्तुळांमधले जळाल्याचे डाग सांगतात की पूर्वी काही-काही वर्षांनी छोटी, जमिनीलगतची आग लागायची, पालापाचोळा जळायचा, मोठी झाडं वाचायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गुरांनी गवत संपवलं, नंतर वनखात्याने प्रत्येक आग विझवली. शंभर वर्षं इंधन साठत गेलं. मग २००३ च्या ॲस्पेन वणव्यात माथ्याजवळच्या समरहेवन गावातली तीनशेहून अधिक घरं जळाली. ५ जून २०२० ला वीज पडून लागलेला बिगहॉर्न वणवा सुमारे १ लाख २० हजार एकरांवर पसरला. शेजारच्या पिनालेनो रांगेत २०१७ च्या वणव्यानंतर माउंट ग्रॅहमची लाल खार मोजली, तेव्हा फक्त ३५ उरल्या होत्या. ही खार जगात दुसरीकडे कुठेच नाही.

आणि आता आपला संबंध. खाली वाळवंटात आग कधी पसरत नसे, कारण झाडाझाडांत मोकळी जमीन असते. ती मोकळी जागा आता एक गवत भरून काढतंय. इंग्रजीत त्याला बफेलग्रास म्हणतात. आपल्याकडे त्याचं नाव अंजन गवत. निळ्या फुलांचं अंजन झाड वेगळं, हे गवत. आपल्याकडे कोरडवाहू भागात चांगला चारा म्हणून लावतात, राजस्थानात त्याला धामण म्हणतात. कमी पाण्यात येतं, जनावरं आवडीने खातात, माती धरून ठेवतं. नेमक्या याच गुणांमुळे अमेरिकेत १९३० च्या दशकात आफ्रिकेतून बी आणून ते लावलं गेलं.

पण सोनोरन वाळवंटात ते सुकलं की सलग वाळलेली गादी तयार होते. ठिणगी पडली की धडाधड जळतं. गवत मुळापासून पुन्हा फुटतं. सवारो मात्र मरतो, आणि त्याच्या जागी नवा उभा राहायला शंभर वर्षं. सवारोचं पिल्लू कुठल्यातरी झाडाच्या सावलीत वाढतं, ते झाडही जळालेलं असतं. शिवाय खालचं पेटतं वाळवंट आणि वरचं पेटतं जंगल, यांच्यामधली न जळणारी पट्टी पुसली जाते. आता आग वरून खाली उतरू शकते आणि खालून वरही चढू शकते.

म्हणून टूसॉनमध्ये हिवाळाभर स्वयंसेवक हातात पहार घेऊन उतारांवर जातात आणि एकेक ठोंब मुळासकट उपटतात. जिथं फार माजलंय तिथं पावसाळ्यात गवत हिरवं असताना तणनाशक फवारतात. वर पाइनच्या जंगलात मुद्दाम, ठरवून छोटी आग लावतात, म्हणजे मोठी लागू नये. ही कामं होतात आणि त्यांचा उपयोगही होतो. पण माथ्याची हवा तापणं पहारीने थांबत नाही. ते टूसॉनमध्ये बसून सुटणार नाही, त्यात पुण्या-मुंबईतले आपणही आलो.

मला यातून जे घ्यावंसं वाटतं ते एवढंच. गवत वाईट नाही, आग वाईट नाही. जागा कुठली आणि वेळ कुठली, यावर सगळं आहे. आपल्याकडे पावसाळा आला की दिसेल त्या माळावर दिसेल ते रोप लावायची चढाओढ लागते. लावण्याआधी विचारा, इथं आधी काय होतं? माळाचं गवत हेही कुणाचं तरी घर असतं.

आणि एक गृहपाठ. पुढच्या ट्रेकला डोंगराचा उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा उतार नीट बघा. झाडं तीच आहेत का, ओल किती आहे, गवत कुठं आधी सुकतं. फोटो काढा, तारीख आणि उंची टाका, आणि आम्हाला पाठवा. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात परत काढा. श्रीव्हचं काम असंच सुरू झालं होतं.