पुआबी राणी आणि आपल्या फोनची काच

इअरफोन लावलेत ना? आज इराकला जायचंय, पण फिलाडेल्फियामार्गे.

तिथल्या पेन म्युझियममध्ये पुआबी राणीचा मुकुट आहे. उर या प्राचीन शहरातल्या थडग्यात सापडलेला, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. सोन्याची पानं, गर्द निळे लाजवर्दी मणी, लाल अकीक. हे म्युझियम लांबच्या शाळांसाठी व्हिडिओवर तासही घेत आलंय.

आता तुम्ही म्हणाल, फोटो तर गूगलवरही दिसतो. दिसतो की! पण चांगल्या तासात शिकवणारा माहिती सांगत सुटत नाही, प्रश्न विचारतो. लाजवर्द इराकमध्ये मिळत नाही, मग आला कुठून? उत्तर आहे अफगाणिस्तानातलं बदख्शान. आणि अकीक? उरच्या थडग्यांतले काही मणी सिंधू संस्कृतीतल्या कारागिरांच्या हातचे आहेत. गुजरातेत खंबातला आजही अकीकाचे मणी घडवतात. पुस्तकात ‘परदेशांशी व्यापार होता’ एवढी एक ओळ असते. इथे तीच ओळ एका बाईच्या डोक्यावर दिसते.

पण मला अडकवलं ते वेगळ्याच प्रश्नानं. हा मुकुट अमेरिकेत काय करतोय?

१९२२ ते १९३४ या काळात लिओनार्ड वूली यांनी ब्रिटिश म्युझियम आणि पेन म्युझियमसाठी उर खणलं. सापडलेल्या वस्तूंची वाटणी झाली, तेव्हाच्या नियमांना धरूनच. काही बगदादला राहिल्या, काही लंडनला गेल्या, काही फिलाडेल्फियाला. एकाच शहराचा संसार तीन ठिकाणी! पुढे या दोन म्युझियमनी ‘उर ऑनलाइन’ या प्रकल्पात त्याच्या नोंदी एकत्र आणल्या. म्हणजे जे काचेच्या कपाटांना जमलं नाही, ते फोनच्या काचेला जमलं.

हे भारीच आहे. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. उरच्या जवळ नासिरिया शहर आहे. तिथल्या मुलीलाही पुआबीचा मुकुट स्क्रीनवरच बघावा लागतो, माझ्यासारखाच. मी लांब आहे नकाशामुळे. ती लांब आहे त्या वाटणीमुळे. तिच्यासाठी ‘दूरशिक्षण’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

म्हणून असे तास बघू नका, असं मी मुळीच म्हणणार नाही. जरूर बघा. फक्त शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय का?’ असं आलं, की माइक ऑन करा आणि विचारा: ही वस्तू तुमच्याकडे कशी आली?

उत्तर काय मिळालं, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!