शेवटच्या दोन बाकांविषयी
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत मागे वळून पाहण्याची चाल आहे, आणि ती योग्यच आहे. हे देऊळ कोणी उभारले, घंटा कोठून आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, हा सर्व वृत्तांत या पुस्तिकेत अन्यत्र छापला आहे. त्याची पुनरुक्ती करून आम्ही तुमचा वेळ घेत नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते देवळातील शेवटच्या दोन बाकांविषयी.

रविवारच्या दुसऱ्या मिस्साला त्या बाकांवर जी मंडळी बसतात, व बाके भरली म्हणजे दाराशी उभी राहतात, ती कोण, असे आपल्यापैकी कोणास विचारले तर बहुधा 'ती बिहारी मंडळी' असे उत्तर मिळते. बंधुहो, ती बिहारी नाहीत. कोणी झारखंडातील सिमडेगा व गुमला जिल्ह्यांचे, कोणी ओडिशातील सुंदरगडचे, कोणी छत्तीसगडातील जशपूरचे. झारखंड हे १५ नोव्हेंबर २००० पासून स्वतंत्र राज्य आहे. त्यांत उराव आहेत, मुंडा आहेत, खडिया आहेत. उरावांची कुरुख भाषा कानडी-तेलुगूच्या कुळातली, तर मुंडारी व खडिया या अगदी निराळ्या कुळातल्या. एकमेकांशी बोलण्यास ते सादरी नावाची तिसरी भाषा वापरतात. म्हणजे ज्यांना आपण एका शब्दात उरकतो, त्यांच्या त्या दोन बाकांवर चार भाषा बसलेल्या असतात. आपल्या घरची भांडी घासणारी, आपल्या वृद्ध मातापित्यांस औषध देणारी, आपल्या नव्या इमारतींच्या फाटकाशी रात्रभर जागणारी हीच मंडळी आहेत, आणि ती आपल्याइतकीच जन्मापासून कॅथोलिक आहेत.

गाव सोडून पोटामागे जाणे यात नवल काय आहे? २०११ च्या जनगणनेत आपले पूर्वीचे राहण्याचे ठिकाण सोडून आलेल्यांची संख्या या देशात ४५ कोटींवर भरली. म्हणजे शंभरांत सदतीस. अर्थात यांत लग्न होऊन सासरी आलेल्या भगिनीच अधिक आहेत. आणि तसे पाहिले तर या सभेतील बहुतेक प्रत्येक घरात एक स्थलांतरित व्यक्ती आहेच, व तिला आपण आई म्हणतो.

आपल्या गोमंतकीय धर्मबंधूंची गोष्ट तर डोळ्यांसमोरची आहे. ते मुंबईस आले तेव्हा त्यांनी धोबीतलाव, माझगाव, डाबूल या भागांत 'कूड' थाटले. कूड म्हणजे खोली. एका गावच्या लोकांची एक कूड. भिंतीशी ओळीने लावलेल्या पेट्या, रात्री त्यांच्यालगत अंथरलेली पथारी, एका टोकास वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली रोझरी. जहाजावर नोकरी शोधणारा खलाशी, आचारी, वाजंत्री, शिंपी, सगळे तेथे उतरत. हातात पैसा नसलेल्यास तेथे आसरा मिळे, आजारी पडलेल्यास कोणी पेज करून देई, आणि गावच्या संताचा सण मुंबईत राहूनही चुकत नसे. आम्ही स्वतः धोबीतलावच्या जेर महालातील एका कूडीत गेलो आहो. जिना मोडका, पण वेदीवरचे फूल ताजे होते.

आता यातील मर्म पाहा. गोव्याचा म्हणून जो तियात्र आज सर्वत्र वाखाणला जातो, तो गोव्यात जन्मलेला नाही. लुकाझिन रिबेर यांनी 'इटालियन भुरगो' हा पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, न्यू आल्फ्रेड नाट्यगृहात सादर केला. तियात्राचे जनक म्हणून ज्यांना मान मिळाला ते जुवांव आगुस्तिन फेर्नांदिस हेही मुंबईतच लिहीत व रंगभूमीवर उभे राहत; आणि १९०४ साली त्यांच्या पत्नी रेजिना या तियात्राच्या रंगमंचावर आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. परमुलखात राबणाऱ्या माणसांनी, दिवसभराचे काम आटोपल्यावर, आपल्या भाषेत हसता व रडता यावे म्हणून जे उभे केले, ते पुढे मूळ गावास वारसा म्हणून परत गेले. भाकर, प्रार्थना आणि नाटक ही तिन्ही त्या मंडळींनी हातची जाऊ दिली नाहीत. त्यांतली भाकर तेवढी देऊन भागेल असे समजणारे हितचिंतक आज फार आहेत.

आणि परक्याने आपल्याला काय द्यावे, असे कोणी विचारील तर आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांच्याकडे बोट दाखवितो. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास उतरला, येथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये राचोल येथे त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत छापले. आपण ज्याला आपला ठेवा म्हणतो तोही एका स्थलांतरिताच्याच हातचा आहे.

इतके सांगितल्यावर कटू विषयास हात घालणे प्राप्त आहे. बाहेरून आलेल्या माणसास केवळ तो बाहेरचा म्हणून मारणे, हे आपल्या देशात घडत आले आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबई व महाराष्ट्रातील इतर शहरांत उत्तरेकडील टॅक्सीवाल्यांवर, फेरीवाल्यांवर हात टाकले गेले. ऑगस्ट २०१२ मध्ये भ्रमणध्वनीवरून पसरलेल्या अफवांमुळे ईशान्येकडील हजारो तरुण बंगळूर, पुणे येथून जीव मुठीत धरून गुवाहाटीच्या गाड्यांत बसले; सरकारास संदेश धाडण्यावरही मर्यादा घालावी लागली. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचल प्रदेशातील एका विद्यार्थ्याची केसांवरून व चेहऱ्यावरून टिंगल झाली. तंट्याचे पर्यवसान मारहाणीत होऊन दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. प्रारंभ टिंगलीने झाला, हे ध्यानी ठेवावे. आणि ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांस कोणी द्वेषाने मारले नाही, हे खरे. परंतु वाटेत एखादे दार त्यांना आपले वाटले असते तर ते रुळांवर झोपले असते काय, हा प्रश्न आम्हांस सुटत नाही.

आपल्या वसईत असंतोषास कारणच नाही, असे आम्ही म्हणत नाही. विहिरी खारावल्या, वाड्या गेल्या, गाडीत पाय ठेवावयास जागा उरली नाही. पण हरित वसईची चळवळ जेव्हा उभी राहिली, तेव्हा ती टँकरवाले आणि बांधकामवाले यांच्याविरुद्ध होती. त्यांच्या इमारतीवर विटा वाहणाऱ्या मजुराविरुद्ध नव्हती. त्या पिढीला शत्रू नीट ओळखता येत होता. विहिरीचा राग घमेले उचलणाऱ्यावर काढणे सोपे, एवढेच. न्यायाचे मुळीच नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री सिमडेग्याचा एक तरुण फुटलेल्या ओठाने आमच्या दाराशी आला. गाडीत तो भ्रमणध्वनीवर आपल्या घरी सादरीत बोलत होता. 'येथली भाषा बोल' म्हणून प्रथम शिवी, मग चपराक, मग उतरल्यावर फलाटावर लाथा. मारणारे चार होते की पाच, हे त्यास सांगता येईना. आणि कायद्यात त्या एका माणसाने फार अंतर पडते. एका चौकीवर त्यास 'ही आमची हद्द नव्हे' असे सांगून वाटेस लावले होते. आपल्या धर्मग्रामातील एक निवृत्त मुख्याध्यापक व एक वकील भगिनी त्याच्यासोबत पुन्हा निघाली, आणि रात्री अकराच्या सुमारास तक्रार नोंदली गेली. खटला चालू आहे. त्याविषयी अधिक बोलणे उचित नव्हे. त्या मुलाने आमच्याजवळ एकच गोष्ट मागितली: आईस कळवू नये, ती परत बोलावील.

त्या भगिनीने आम्हांस जे समजाविले ते तुम्हां सर्वांस ठाऊक असावे. आपल्या संविधानाचे १९ वे कलम प्रत्येक नागरिकास देशात कोठेही फिरण्याचा व वस्ती करण्याचा अधिकार देते. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेत 'द्वेषमूलक गुन्हा' असे स्वतंत्र प्रकरण नाही; परंतु पाच वा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केल्यास कलम १०३ (२) खाली मृत्युदंड वा जन्मठेप, आणि जबर दुखापत केल्यास कलम ११७ (४) खाली सात वर्षांपर्यंत कारावास आहे. भाषा किंवा जन्मस्थान यांवरून समाजासमाजांत वैर पेटविणे हा कलम १९६ खाली अपराध आहे. मारणारा एकटाच असला तरी दुखापतीची साधी कलमे आहेतच. हद्द कोणतीही असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते; तिची प्रत विनामूल्य मिळते; नकार मिळाल्यास लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे वा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे धाडता येते. स्त्रियांस, अनुसूचित जमातींस व कारखान्यांतील कामगारांस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे: कोणते शब्द उच्चारले गेले, ते त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून ठेवावे. मार दिसतो, कारण दिसत नाही. ते त्या शब्दांतच असते.

धर्मगुरूने कलमे कशास सांगावी, असे कोणाच्या मनात येईल. फादर कॉन्स्टंट लीवेन्स हे बेल्जियमचे येशूसंघीय १८८५ साली छोटा नागपुरात गेले, तेव्हा जमीनदार आदिवासींच्या जमिनी बळकावीत व त्यांस बेगारीस धरीत. लीवेन्स यांनी कुळांचा कायदा अभ्यासिला, मुंडा-उरावांस त्यांचे हक्क समजाविले आणि त्यांस कचेरीत उभे राहावयास शिकविले. क्षयाने खंगून ते १८९३ मध्ये सदतिसाव्या वर्षी वारले. छोटा नागपूर कुळकायदा १९०८ साली झाला, तो त्यांना पाहावयास मिळाला नाही. शेवटच्या दोन बाकांवरील मंडळींच्या पणजोबांस दैवी वचनासोबत कायदा शिकविणारा धर्मगुरू भेटला होता. त्यांच्या पणतवंडांनी आमच्याकडून त्याहून कमी अपेक्षा का करावी?

परंतु ज्याला आपण केवळ मार खाताना पाहिले, त्याच्याविषयी आपल्याला दया वाटते, आदर वाटत नाही. आणि दयेवर माणूस फार दिवस उभा राहू शकत नाही. म्हणून मांदराची गोष्ट. मांदर म्हणजे मातीच्या लांबट खोडाचा, दोन्ही तोंडांस चामडे मढविलेला ढोल. गळ्यात अडकवून दोन्ही हातांनी वाजवितात. भाद्रपदातील करमाच्या सणात करम वृक्षाची फांदी अंगणात रोवून, मुलींनी टोपलीत उगविलेले जवाचे कोवळे अंकुर तिच्याभोवती ठेवून, हात हातात गुंफून रात्रभर नाच चालतो. मांदरावाचून तो नाच उठतच नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविधीच्या आदेशात लोकांच्या स्वतःच्या संगीतास मानाचे स्थान द्यावे असे ठरविले, आणि छोटा नागपुरातील देवळांत मांदर आज मिस्सात वाजतो.

महोत्सवाच्या कार्यक्रमात त्यांचा नाच सोडतीच्या आधी दहा मिनिटे ठेवावा, अशी एक सूचना समितीपुढे आली होती. हेतू चांगला होता, पण आम्हांस ती रुचली नाही. सोडतीची वाट पाहत टाळ्या वाजविणे म्हणजे कलेचा सत्कार नव्हे. त्याऐवजी महोत्सवी मिस्सात अर्पणाची मिरवणूक ते आपल्या मांदरासह आणतील, आणि दर रविवारी चार वाजता शाळेच्या सभागृहात ते आपल्या मुलांस पावले शिकवितील. आपल्या बँडातील तरुणांनीही यावे. त्यांचा ताल धरणे वाटते तितके सोपे नाही, आम्ही पाहिले आहे. सहा दिवस ज्या भगिनीस आपल्या घरात हुकूम ऐकावे लागतात, ती सातव्या दिवशी आपल्या मुलीस 'पाय असा नव्हे, असा' म्हणून सांगेल. हे ज्यांना अवघड वाटेल त्यांनी आम्हांस येऊन भेटावे.

आता दोन कामे. पहिले, रात्रीअपरात्री ठाण्यावर सोबत जाण्यास तयार असलेल्यांची यादी आम्ही करीत आहो. तिच्यात आजवर तीन नावे आली आहेत, निदान दहा हवीत. नाव व दूरध्वनी क्रमांक देवळाच्या कचेरीत द्यावा. दुसरे, येथला समुद्री दमट वारा मांदराच्या चामड्यास मानवत नाही; एक तोंड सैल पडून नाद बसला आहे, व दुसरा मांदर गावाहूनच आणावा लागेल. सुट्टीवर गेलेली एक भगिनी तो येताना मांडीवर घेऊन आणीन म्हणते. मातीचे वाद्य, दोन रात्रींचा प्रवास, आणि तिचे तिकीट अद्याप प्रतीक्षा यादीत. कोणास तिला आरक्षित जागा मिळवून देता आली तर सभा संपल्यावर आम्हांस सांगावे.