विमान चालविणाऱ्या बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृतींवर बोलते, कोणी संतांवर बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय दिला, 'विमानविद्येतील अग्रेसर स्त्रिया'. माझे शिक्षण सातवीपर्यंत आणि विमानात मी अजून पाऊल ठेवलेले नाही. पण मुलीने वाचनालयातून पुस्तके आणून दिली, काही मोबाइलवर वाचून दाखविले. दुपारची भांडी आवरली की मी वहीत उतरवून घेत असे. त्या वहीतलेच चार शब्द आज सांगते.

विमान म्हटले की लोखंड, यंत्रे आणि पुरुषांचा कारभार असे आपल्या मनात येते. पण सुरुवातीच्या विमानांचे पंख कापडाचे असत, हे किती जणींना ठाऊक आहे? लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बसवायचे, शिवायचे आणि त्यावर रोगणासारखे द्रावण चढवायचे. ते वाळले की कापड ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होई. पहिल्या महायुद्धात कारखान्यांतून हे पंख शिवण्याचे काम बायकांनी केले. आधी जवसाच्या धाग्याचे लिनन वापरीत. ते अपुरे पडू लागले तेव्हा अमेरिकेत खास विणलेले सुती कापड आले. आपण कॉटन ग्रीनची माणसे. कापसाच्या गासड्या आणि गोदामे यांच्यावरूनच आपल्या वस्तीला नाव पडले. तेव्हा कापूस आणि सुईदोरा यांच्या आधारावर माणूस आकाशात गेला, हे ऐकून मला तरी हा विषय एकदम घरचा वाटू लागला.

जगात विमान चालविण्याचा परवाना मिळविणारी पहिली बाई फ्रान्सची रेमोंद द लारोश. तिचा परवाना क्रमांक ३६, तारीख ८ मार्च १९१०. पुढे हीच तारीख महिला दिनाची ठरली, हा योगायोग पाहा. ती आधी रंगभूमीवर काम करी. परवाना मिळाल्यावर चारच महिन्यांनी तिला मोठा अपघात झाला, पण बरी होऊन ती पुन्हा विमानात बसली. १९१९ साली विमान अपघातातच तिचा अंत झाला.

इंग्लंडची एमी जॉन्सन लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती. विमान चालविण्याबरोबर ते दुरुस्त करायलाही ती शिकली. ५ मे १९३० रोजी ती लंडनजवळून एकटीच निघाली आणि २४ मे रोजी ऑस्ट्रेलियात पोहोचली. वाटेत कराची, झाशी, कलकत्ता असे मुक्काम झाले. ब्रह्मदेशात विमान उतरताना पंख फाटले, तेव्हा तिथल्या लोकांनी शर्टांचे कापड लावून ते दुरुस्त करून दिले. ठिगळ लावून संसार चालविणाऱ्या आपल्यासारखींना हे पटायला वेळ लागणार नाही. अमेरिकेच्या अमेलिया इअरहार्टने शिकवणीची फी भरण्यासाठी टेलिफोन कंपनीत नोकरी केली. १९३२ साली ती अटलांटिक महासागर एकटीने ओलांडून गेली. १९३७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करताना ती कराची आणि कलकत्त्याला उतरून पुढे गेली. २ जुलैला पॅसिफिक महासागरावर जी नाहीशी झाली, ती कायमचीच.

आता आपल्या देशाकडे येऊ. मुंबईत जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला आणि त्याच सुमारास तिथे फ्लाइंग क्लबही निघाला. १९३२ मध्ये ऊर्मिला पारीख यांना विमानाचा परवाना मिळाला. मला मात्र सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते सरला ठकराल यांच्याविषयी. त्यांचे लग्न सोळाव्या वर्षी झाले. सासरच्या घरात वैमानिकच वैमानिक. नवऱ्याने शिक म्हटले आणि सासऱ्यांनी त्याहून उत्साहाने त्यांना फ्लाइंग क्लबात घातले. १९३६ साली लाहोरला त्यांनी जिप्सी मॉथ नावाचे छोटे विमान एकटीने उडविले. तेव्हा वय एकवीस, अंगावर साडी आणि घरी चार वर्षांची मुलगी. पुढे १००० तास त्या उडाल्या.

१९३९ मध्ये पतीचे विमान अपघातात निधन झाले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि नागरी शिक्षण बंद पडले. व्यावसायिक परवान्याची वाट तिथेच खुंटली. तेव्हा ही बाई लाहोरला परत आली आणि चित्रकला शिकली. फाळणीत दोन मुलींना घेऊन दिल्लीला आली. दुसरा विवाह झाला. दागिने घडविणे, साड्यांवर नक्षी काढणे, चित्रे रंगविणे असा स्वतःचा धंदा तिने उभा केला. २००८ साली त्या वारल्या. आकाश सुटले तरी शिकण्याची सवय सुटली नाही.

दुसऱ्या प्रेम माथुर. १९४७ साली त्यांच्या हाती व्यावसायिक परवाना होता, पण आठ विमान कंपन्यांनी त्यांना नोकरी नाकारली. बाई विमान चालविते म्हटल्यावर उतारू घाबरतील, अशी त्यांची भीती. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतले. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विमानशर्यत जिंकली. परवाना होता, अंगात कसबही होते. दार उघडणारे कोणी तरी हवे होते, एवढेच. १९६६ साली दुर्बा बॅनर्जी इंडियन एअरलाइन्सच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या.

आणि आता आपल्या मराठी नावाची पाळी. कॅप्टन सौदामिनी देशमुख. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता ते सिल्चर या मार्गावर इंडियन एअरलाइन्सचे जे विमान गेले, त्यात सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. विमानाच्या कप्तान सौदामिनीबाई आणि त्यांच्या जोडीला निवेदिता भसीन. सौदामिनी म्हणजे वीज. आईबापांनी नाव ठेवले आणि लेकीने ते सार्थ केले. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला आले. सुमारे १७ तासांचा तो प्रवास चार बायकांनी पार पाडला. झोया अग्रवाल त्यांच्या प्रमुख होत्या आणि चौघींत आकांक्षा सोनावणे हे मराठी नावही होते. जगात शंभर वैमानिकांमागे पाच-सहा स्त्रिया आहेत, आपल्या देशात सुमारे पंधरा. या बाबतीत आपण पुढारलेल्या देशांच्याही पुढे आहोत.

भगिनींनो, हे सारे ऐकून आपण टाळ्या वाजविल्या आणि घरी जाऊन कुकर लावला, तर या भाषणाचा उपयोग काय? म्हणून आता जवळचे बोलते.

आपल्या शेजारच्या चाळीत एक मुलगी आहे. नाव सांगत नाही. दहावीला गणितात तिला उत्तम गुण मिळाले. तिला विज्ञान शाखेला जायचे आहे, विमानाच्या दुरुस्तीचे शिकायचे आहे. घरचे म्हणतात, मुलीच्या जातीला ते कशाला? वडिलांची मिळकत बेताची, क्लासची फी मोठी, पाठीवर दोन भावंडे. त्यांना मी वाईट म्हणत नाही. मी सातवीनंतर घरी राहिले, कारण पुढची शाळा लांब होती आणि धाकट्यांना सांभाळायला माणूस नव्हते. कोणी दुष्ट नव्हते. पण शाळा सुटली ती सुटलीच.

मी चौकशी केली. विमान चालवायला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. विमान दुरुस्तीच्या शिक्षणाला त्याबरोबर रसायनशास्त्रही लागते. म्हणजे ही वाट दहावीनंतर लगेच ठरते. विमान चालविण्याच्या शिक्षणाला लाखो रुपये लागतात, ते आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे मी जाणते. पण दहावीनंतरचे दार बंद होऊ न देणे, एवढे आपल्या हातात आहे. मुलगी पुढे वैमानिक होवो, इंजिनीअर होवो की शाळेत गणित शिकवो.

म्हणून माझी सूचना अशी. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आपण स्टीलच्या वाट्या लुटतो. त्या वाट्या सर्वांच्या घरी पुरेशा झाल्या आहेत. यंदा तिळगूळ आणि हळदीकुंकू एवढेच ठेवावे आणि वाणाचे पैसे विज्ञान शाखेला जाणाऱ्या मुलींच्या पुस्तकांसाठी आणि फीसाठी बाजूला काढावेत. दुसरे, मंडळाची खोली संध्याकाळी सातनंतर रिकामी असते. ती सात ते दहा अभ्यासासाठी मुलींना उघडून द्यावी. आपल्यापैकी एकेकीने पाळीपाळीने तिथे बसावे. निवडटिपण तिथेही करता येते.

काही जणी म्हणतील, पैशाचा व्यवहार आला की मंडळात भांडणे होतात. त्यावर उपाय सोपा आहे. जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लिहावा, म्हणजे कुजबुजायला जागा राहणार नाही. काही म्हणतील, दुसऱ्याच्या मुलीसाठी आपण का खपावे? सरलाबाईंना विमानात बसविले ते सासऱ्यांनी. प्रेमबाईंना आठ दारे फिरल्यावर नववे दार उघडले ते परक्यांनीच. दार उघडणारा आपल्या रक्ताचा असावा लागतो असे थोडेच आहे!

आपल्या शिवडीच्या खाडीत थंडीच्या दिवसांत रोहित पक्षी येतात आणि आपण मुलाबाळांना घेऊन कौतुकाने पाहायला जातो. दूरवरच्या पाखरांचे जेवढे कौतुक करतो, तेवढे आपल्या चाळीतल्या मुलींचेही करावे. सूचना मांडली आहे. अध्यक्षबाईंनी ती आजच मताला टाकावी, अशी विनंती करते.