गाठ आपली, स्लाइड मुंबईची

जुन्नर-आंबेगावातल्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

शिवनेरी आणि भीमाशंकर यांच्या मधल्या या मुलखात, मंचरला, आपले मनःपूर्वक स्वागत. जेवणात मासवडी आहे, तेव्हा दुपारच्या वक्त्यांनी आवाज जरा चढा ठेवावा.

विषय कळल्यावर काहींनी विचारले, रक्ताच्या कर्करोगासारखे दिसणारे सार्कोमा आपल्या ओपीडीत येतात कधी? क्वचितच. पण येतात ते आधी आपल्याकडेच. आहुप्याच्या खोऱ्यातून हिरडा विकायला घोडेगावात आलेला बाप उठता उठता म्हणतो, "डॉक्टर, एवढं पोराच्या मानंचंबी बघा." गाठ क्षयाची निघण्याचीच शक्यता जास्त, म्हणून आपण तुकडा न घेताच गोळ्या लिहितो. कधी सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड. लिम्फोमा असला तर गाठ विरघळते, घरचे खूश होतात, आणि पुढे घेतलेल्या तुकड्यात पॅथॉलॉजिस्टच्या हाती मेलेल्या पेशींपलीकडे फारसे काही लागत नाही.

तुकडा चांगला असला तरी चकवा आहेच. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या लहान, गोल, निळ्या पेशी. ईविंग सार्कोमात सीडी-९९ पॉझिटिव्ह, लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही बहुधा पॉझिटिव्ह. त्यात या लिम्फोमात सीडी-४५ कधी निगेटिव्ह येतो. टीडीटी लावायचे राहिले की लहान पोराचा लिम्फोमा ईविंग म्हणून खपतो. अल्व्हिओलर रॅब्डोमायोसार्कोमा अस्थिमज्जेत उतरला की ल्युकेमियाच वाटतो. तिथे डेस्मिन, मायोजेनिन पाहावे लागते. उलट मायलॉइड सार्कोमा हा ल्युकेमियाच, पण गाठीच्या रूपात, कधी कधी सीबीसी बिघडण्याआधीच. यांची औषधे वेगळी, म्हणून नाव चुकून चालत नाही.

१९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभ्या केल्या. आपल्या अवघड गाठी आजही मुंबईची वाट धरतात. पण कशा? अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेल्या, दोन दिवस नुसत्या सलाइनमध्ये भिजलेल्या, चिठ्ठीवर एकच शब्द: 'गाठ'. असा तुकडा एकदा कुजला की मुंबईचा कितीही मोठा तज्ज्ञ हतबल. दहा टक्के फॉर्मॅलिन, तेही तुकड्याच्या दहापट. चिठ्ठीवर वय, जागा, किती दिवसांची, सीबीसी आणि स्मिअर, आणि स्टिरॉइड दिले असेल तर न लाजता तारीख. लिम्फोमाचा संशय असेल तर ताज्या तुकड्याबद्दल आधी प्रयोगशाळेला फोन.

नोंदणीच्या टेबलावर रुंद तोंडाच्या बाटल्या आणि छापील चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. लागतील तेवढ्या न्या. आता अध्यक्षांना विनंती करतो, त्यांनी पहिल्या सत्राची सूत्रे हाती घ्यावीत.