आपल्या शेजारची असई
(सोसायटीच्या कोजागिरी कार्यक्रमातील भाषण)

दूध आटेपर्यंत बोला, असा हुकूम आहे. म्हणून थोडक्यात सांगतो.

आपल्यापैकी कितीजण असईला जाऊन आलेत? दोनच हात वर! भोकरदनच्या पुढे, केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यातलं हे लहानसं गाव. इंग्लंडमध्ये टिडवर्थ नावाच्या गावात सैनिकांच्या बराकींना असईचं नाव दिलं गेलं. आणि आपण तासा-दीड तासावर राहून गेलो नाही.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी इथं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची कंपनी सरकारच्या फौजेशी लढाई झाली. समोर होता आर्थर वेलस्ली, वय ३४. पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. पण आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, तर तो असईचं नाव घेई. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तिथंच पडले. कंपनीकडचे दीड हजारांवर माणसं मेली नाहीतर जखमी झाली. त्यांतही पुष्कळ मद्रासकडचे शिपाई, म्हणजे आपलीच माणसं. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला नि शिंद्यांचा दख्खनमधला जोर ओसरला.

एक गोष्ट मला विसरता येत नाही. वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाही. वेलस्लीनं पाहिलं, दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. गावं समोरासमोर असली की माणसं ये-जा करणारच, म्हणजे उतार असणारच! आणि होताच. सोयरीक, बाजार, दळणकांडण यांसाठी लोकांनी पाडलेली ती वाट. तिच्यावरून तोफा गेल्या, हे दुर्दैव.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या आणि मागच्या सोसायटीतलं छोटं फाटक पार्किंगच्या भांडणापायी दोन वर्षं बंद आहे. शाळेची पोरं मोठ्या रस्त्याला वळसा घालून जातात. काल एक आजी विचारत होत्या, "भाऊ, फाटक कधी उघडायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

रौप्यमहोत्सवाच्या वर्षात दोन कामं करू. दोन्ही सोसायट्यांची मिळून असईला एक सहल काढू. आणि निघायच्या आधी ते कुलूप काढू.

दूध आटलं वाटतं.